लेव्हल

फोन विकत घेतलेला नव्हता.
दौलतगंजच्या एका गिऱ्हाइकानं फरशीच्या हिशेबात
रोकडीऐवजी टेकवला होता बाबांच्या हाती,
कोपऱ्यात चिरलेला, पाठीला रबरबँड,
कारण उन्हाळ्यात त्याची बॅटरी पोटुशी व्हायची.
बोटाला तो ओळखत नसे. नखाला ओळखे.
हेरंबनं त्यासाठी करंगळीचं नख वाढवलं
आणि शाळेत त्या नखावर पट्टी खाल्ली.

बाड्यामागच्या खोक्यात
वीस रुपयांत चार गेम भरून मिळत,
फोनमध्ये जागा एकाची.
शर्यतीची गाडी सोडली, विमान सोडलं,
आईनं जपलेले सत्तावीस मेसेज पुसले
(तिला अजून सांगितलेलं नाही)
आणि घेतली लाकडी पेटीतली लोखंडी गोळी.
फोन कलता करायचा, गोळी घरंगळायची,
भोकं चुकवत पलीकडे न्यायची. बस.

खोक्यावरच्या चित्रात गोळीला चकाकी होती, सावली होती.
आमच्या फोनला सावली झेपत नव्हती.
आमची गोळी भुतासारखी बिनसावलीची फिरायची,
आणि कितीही सरळ धरा,
डावीकडे.

बाबांनी पाणसळ आणली,
पिवळी, सिमेंटचे डाग पडलेली,
जमिनीवर ठेवून तिच्या पाठीवर फोन ठेवला.
बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध, शहाण्यासारखा.
गोळी डावीकडच्या भोकात.
‘लेव्हल बरोबर आहे,’ बाबा म्हणाले.
‘आठवी आहे,’ हेरंब म्हणाला.
एकच शब्द आमच्या घरात दोन धंद्यांना पुरत होता.

‘पडलाय हा कुठंतरी,
आणि पडतानाचं तिरकंपण धरून बसलाय.
बिघाड नको म्हणू. ढाळ म्हण.’
मग हातातला घास तसाच ठेवून सांगत राहिले:
कुठलीच फरशी सरळ नसते गं.
सरळ घातली की पाणी साचतं, शेवाळ धरतं, घरात भांडणं होतात.
मोरीकडे फुटाला पाव इंच,
पायाला कळावा, डोळ्याला नाही.
डोळ्याला कळला तर मिस्त्री कच्चा.

त्या संध्याकाळी आम्ही फोन घेऊन घरभर हिंडलो.
ओटा, उंबरा, देवाचा पाट, जिन्याची सातवी पायरी.
न्हाणीघरात, नळाकडे पाठ करून,
मोरी उजव्या हाताला ठेवून टेकवला
तर गोळी थांबली.
थांबली म्हणजे थांबलीच.

तो सगळा मे महिना आम्ही न्हाणीत काढला.
बाहेर लश्कर भाजत होतं, बत्ती गुल,
दगड ओला, बादली पालथी, तिच्यावर दोघं,
एक मेला की दुसऱ्याची पाळी.
सतराव्या लेव्हलला फोन विचार करत बसायचा:
गोळी भोकाच्या काठावर, अर्धी आत, अर्धी बाहेर,
आम्ही श्वास धरून,
आणि दारावर आईची थाप,
‘अरे, माणसं राहतात या घरात!’

बाविसाव्याच्या पुढं पैसे मागत होता.
तिथंच राहिलं ते.

परवा हेरंबनं नागपूरहून तोच गेम पाठवला, नवा.
गोळीत छत दिसतं, खिडकी दिसते,
सावली तर अशी की उचलून घ्यावी.
मी तिसऱ्यातच मेले.
गोळी सरळ होती.
माझाच हात अजून उजवीकडे ढाळ देतो.

बाबांच्या फोनमध्ये आता पाणसळ फुकट येते.
गुडघे गेल्यापासून ते कामावर जात नाहीत,
पण फोन त्यांनी पिवळीच्या पाठीवर ठेवला,
चष्मा लावून दोन्ही बुडबुडे बराच वेळ पाहिले.
‘ह्यातला लगेच थांबतो,’ म्हणाले,
‘डुलतच नाही जरा.’
आणि पिवळी पुसून
खिळ्याला लावली.