पुडीवरचे शब्द

शौनक घडाघडा वाचतो.
लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत
सव्वासहा वर्षांचं दुसरं कुणी असं वाचत नाही,
हे माझी बहीण वृंदा
दवाखान्यातल्या डबल ड्यूटीवरून आल्यावरही
चपला काढता काढता सांगते.

मी एकदा मध्येच बोट ठेवलं.
रहाटाची कुरकुर ऐकून बैल थबकला.
म्हटलं, रहाट म्हणजे?
माहीत नाही.
थबकला म्हणजे?
माहीत नाही.
मग वाचलंस काय?
हिशोब बरोबर असताना
मालकानं पुन्हा तपासायला सांगितलं
की मी जसा मालकाकडे पाहतो
तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"मामा, वाचलं ना! एक पण अक्षर नाही चुकलं."

हे खरंच होतं.

मी सियागंजात, घाऊक किराण्याच्या दुकानी
वीस वर्षं पोती मोजतो.
आत काय आहे ते न बघता
नुसती पोती मोजली तर काय होतं, ते मला विचारा.
एकदा जवस म्हणून राळे गेले होते महूला.

म्हणून मी पुड्या आणायला लागलो.
रोज एक. कागदावर मराठीत नाव.
आधी वाचायचं, मग डोळे मिटून नाकाशी धरायचं,
मग दाताखाली.
ओवा.
"शाळेत अजवाइन म्हणतात. तेच?" तेच.
"मग दोन नावं कशाला?"
तुझीही दोन आहेत, म्हटलं, शौनक आणि गुंडू.
दालचिनी.
दाल आणि चिनी? चाटून पाहिली, दोन्ही नव्हती.
"फसवलं," म्हणाला.
बडीशेप.
"मग छोटी शेप कुठाय?"
मी हसलो, आणि हसता हसता गप्प झालो,
कारण आहे की!
दुसऱ्या दिवशी बाळंतशेप नेली.
त्यानं नुसती मान हलवली.
आपण बरोबर होतो
याचं त्याला काही नवल नव्हतं.

अडलो मी ओल्यापाशी.
सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
तिच्या पत्र्यावरचे गीला आणि सूखा
हे त्यानं आयुष्यात वाचलेले पहिले शब्द.
म्हटलं, गीला म्हणजे आपलं ओलं.
"ओला तर टॅक्सी असते, मामा."
आता याला काय सांगणार?
मोरीत नेलं. हा टॉवेल ओला.
कुंडीतली माती ओलसर.
भिंतीला पोपडे आलेत ना, ती ओल.
"आणि टॅक्सी?"
टॅक्सी कोरडी.
"कोरडी म्हणजे?"
रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

रहाट काही पुडीत येईना.
कागदावर काढला, तर सायकलचं चाक झालं.
थबकणं मी करून दाखवलं,
जिना उतरता उतरता, एकाएकी.
मागून दूधवाला आदळला.

काल पुस्तकात एक ताई होती.
तिनं दोन ताटं मांडली होती,
दादाचं आणि आपलं.
पोस्टमन आला. तिनं पत्र वाचलं,
घडी घालून उशीखाली ठेवलं.
एक ताट उचलून फळीवर ठेवलं.
तिचे डोळे ओले झाले.

शौनक नेहमीसारखा सुसाट पुढे गेला,
पान उलटलं,
आणि थबकला.
मागे आला.
बोट ठेवून, अडखळत,
पहिल्यांदाच इतकं वाईट वाचत
त्यानं ते पुन्हा वाचलं.
"तिचा दादा येणार नाहीये."
असं कुठे लिहिलंय? म्हटलं.
त्यानं शोधलं. वरून खाली, खालून वर.
"लिहिलं नाहीये," म्हणाला,
"पण ताट उचललं ना तिनं."

मग पुस्तक मांडीवर तसंच ठेवून
दाराकडे बघत बसला.
वृंदाची ड्यूटी आठला सुटते.
पावणेनऊ झाले होते.
मी उठलो, फळीवरून तिचं ताट काढलं
आणि त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात
ओट्यावर मांडलं.