तपकिरी पाकीट

पाकीट जुनंच. दोरा लाल चकतीभोवती
दोनदा फिरवायचा, की झालं बंद.
डिंक नाही, तिकीट नाही.
वर रकाने : नाव, विभाग, इमारत.
आधीच्यावर काट मारायची, खाली पुढचं लिहायचं.
अंगाला आरपार भोकं पाडलेली,
आत काही राहिलंय का ते दिसावं म्हणून.

एकतीस वर्षं वाहतोय मी ही पाकिटं
या गवताळ सपाटीवरच्या तेरा कॉलेजांमधून,
उणे अडतीसला गाडीचं गोठलेलं दार
खांद्याने ढकलत.
विद्यापीठ म्हणजे काय, मला विचारा.
नकाशा राहू द्या. पाकीट बघा.

हे एक घ्या.
पहिलं नाव हाल्वर्सन, मृदाशास्त्र :
कडेला अंगठ्याचा ठसा, खराखुरा मातीचा.
मग दंतवैद्यक, तिथे नुसतं ‘बार्ब’.
(पोचतं. बार्ब म्हणजे बार्ब.)
मग कायदा : पदव्यांसकट, दोन रकाने अडवून.
गणितवाल्यांनी पेन्सिलीने लिहिलंय,
इतकं पुसट, की पत्ता आहे की शंका, कळू नये.
पशुवैद्यकात कुणी वर कप ठेवला,
की वासराने जीभ लावली,
त्या डागाचं निदान मी करत नाही.
तत्त्वज्ञानवाल्यांनी स्वतःलाच पाठवलं.
मी तळघरापर्यंत आणलं, शिक्का मारला,
पुन्हा वर नेऊन दिलं.
त्यांनी आभार मानले, मनापासून.

एकाखाली एक नावं, अगदी खेटून,
आणि एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही.
कीटकशास्त्र आणि संगीत यांच्यामध्ये
एक वाहनतळ आहे. चाळीस पावलं.
ती माझ्याशिवाय कुणी चालत नाही.

सोळाव्यात फिरून मृदाशास्त्र.
सतराव्यात ताजी निळी शाई :
‘स्लाव्हिक भाषा, खोली ४१२.’

ते दार बंद होऊन अकरा वर्षं झाली.
आता तिथे नर्सिंगवाले रबरी रुग्ण ठेवतात,
आ वासलेले, ओळीने.
पूर्वी मिरोस्लावा बाई बसायच्या.
आधी नऊ विद्यार्थी, मग चार, मग एक,
तोही बुधवारी उशिरा येणारा.
मी टपाल ठेवायचो,
त्या माझं युक्रेनियन तपासायच्या :
स्वयंपाकघरातलं, आईकडून आलेलं,
बीट, कणीक, दार लाव, पाय पूस.
म्हणायच्या, ओरेस्ट, हे तुमच्या माणसांनी
बोटीतून आणलेले शब्द,
तिकडच्या शहरांत आता कुणाला कळायचे नाहीत.
आणि कार्डावर टिपून घ्यायच्या.

शेवटच्या दिवशी त्या कार्डांचे खोके मीच उचलले.
ग्रंथालय म्हणालं, जागा नाही.
मानववंशशास्त्र म्हणालं, पुढच्या वर्षी बघू.
कृषीच्या बियाणे-कोठारात एक कोपरा रिकामा होता.
तिथे आहेत ते, गव्हाच्या वाणांशेजारी,
उणे अठरावर. पावतीवर सही माझी.

पाकिटाच्या भोकातून एक शब्द दिसतो.
खरं तर बघायचं नसतं.
हाल्वर्सनची नवी विद्यार्थिनी असणार.
कुठल्याशा जुन्या मोजणीवहीतून उतरवलेला,
पुढे प्रश्नचिन्ह :
म्लाका?

म्लाका. आमच्या शेताचा उत्तरेचा कोपरा.
खालून पाणी झिरपत राहतं, वरून काही कळत नाही.
एका मे महिन्यात आईचा बूट तिथे राहिला
आणि ती लंगडी घालत, हसत घरी आली.

नियम असा : विभाग नसेल तर परत पाठवा.
त्यासाठी वेगळा शिक्का आहे.

मी सतराव्यावर काट मारली.
अठराव्यात लिहिलं : ओरेस्ट, टपाल, तळघर.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा. अक्षर वाकडं आलं.
मग चकतीवरचा दोरा उलटा फिरवला,
दोनदा.