शेवटचा सरळ सूर

"पेला नाही जी तो," अंतकलाबाई आधी हेच बोलली,
नाव सांगायच्या आधी, केसपेपर फाडायच्या आधी.
"वरातीतले समदे हासत होते, म्हने डोमाजीनं टाकली.
वीस वर्सं झाली, शिवला बी नाही."

रात्रीचे सव्वाअकरा, घाटंजीचं ग्रामीण रुग्णालय.
इन्व्हर्टर कण्हतोय.
स्ट्रेचरवर लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर,
छातीवर कशिद्यात: न्यू जगदंबा बँड.

वाकून वास घेतला. दारू नव्हती.
बोट टोचलं. साखर एकशे अठ्ठावीस. म्हणजे तेही नाही.
डोमाजी, हसा.
अर्धा चेहरा हसला.
हात समोर धरा.
उजवा हळूहळू उतरला,
त्याला न विचारता.
गाल फुगवा, म्हटलं.
गाल फुगवूनच पोट भरलेला माणूस हा,
क्लॅरिनेटवाला, पंचक्रोशीतली अर्धी लग्नं याच्या श्वासावर लागली.
उजव्या कोपऱ्यातून हवा निसटली,
फुस्स.
आणि डोळ्यांना ते कळलं.
जीभ नुसतीच "ब... ब..." करत राहिली.

मग तो प्रश्न, ज्याचं उत्तर इथे
मला कधीच घड्याळात मिळालेलं नाही:
शेवटचे बरे कधी होते?
"दिवेलागनीले चांगला होता."
"नवरदेव घोड्यावरून उतरला ना, तवा."
"थ्री-फेज आली नोती अजून."
माझ्याकडे साडेचार तास. त्यातले किती गेले, ते सांगा.
नंतर ते इंजेक्शन देता येत नाही,
आणि त्याआधी सीटी, आणि सीटी यवतमाळला,
आणि मधला घाट खोदून ठेवलेला.

एकाने खिशातून पत्रिका काढली,
कोपऱ्याला हळदीचं बोट.
शुभमुहूर्त सायंकाळी सहा वाजून छत्तीस मिनिटे.
"मंगलाष्टकं झाल्यावर बी वाजोलं त्यानं. झ्याक."
मी मनात मोजलं. सहा छत्तीस. अकरा सहा.
नऊ मिनिटांपूर्वी दार बंद झालं होतं.
पेन कागदावर टेकवलं.

लोणारे सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.
"मॅडम, तुम्ही कोल्हापूरच्या.
इकडं कोनतं लगन पत्रिकेवर लागलं?"

राजरत्न, भाचा, ताशा वाजवणारा,
मामाचं मनगट धरून उभा होता मघापासून.
त्याच्या मोबाईलवर सगळं लग्न होतं.
आठ सत्तेचाळीस: डोमाजी उभा, गाल ताठ, सूर सरळ.
आठ अठ्ठावन्न: एक चिरका आवाज,
क्लॅरिनेट किंचित डावीकडे सरकते.
मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज मोठा करून.
आठ सत्तेचाळीस. म्हणजे रात्री एक सतरा.
म्हणजे अजून दोन तासांना थोडे कमी.

"मॅडम," राजरत्न म्हणाला, "मामाची नस ठेका सोडून चाल्ली."
ईसीजीची पट्टी सरकत आली. पोरगा बरोबर होता.
दोन ठोके चिकटून, एक लांब, मग तीनांची पळापळ,
आणि त्यांच्यामधली लहान लाट कुठेच नाही.
वरच्या कप्प्यात रक्त कधीपासून नुसतं घुटमळत असेल,
गोठलं असेल एखाद्या कोपऱ्यात,
आणि आज, ऐन गाण्यात, सुटलं.
"छातीत धडधडते म्हने कधीकधी," अंतकलाबाई पुटपुटली,
"आमी म्हनलं, फुकून फुकून होत असन."

एकशे आठ अकरा छत्तीसला निघाली.
यवतमाळला फोनवर मी वय सांगितलं, प्रेशर सांगितलं,
आणि आठ सत्तेचाळीस, तीन वेळा, अंकात आणि अक्षरात.
कुठून कळली वेळ, पलीकडच्याने विचारलं.
व्हिडिओ आहे, म्हटलं. लग्नाचा. पाठवते.

रजिस्टरमध्ये माझा रकाना "रेफर्ड"वर संपतो.
बाकावर क्लॅरिनेट राहून गेली.
सिस्टरांनी ती औषधांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावून,
चिठ्ठी चिकटवून: कुमरे, डोमाजी. परत द्यायची आहे.

एक सतरा वाजले तेव्हा मी जागी होते.
पुन्हा तो व्हिडिओ लावला.
त्या चिरक्या सुरावर गर्दीतलं कोणीतरी खो खो हसतं.
नवरी वळून पाहते.
एवढीच. बाकी सगळे नाचतायत.