दोनशेचार

बंद पडणार, हे आधी बादलीला कळलं.
खिडकीखालची, रंगाच्या डब्याची, निळ्या कडीची.
दुपारी दोनपर्यंत अर्धी व्हायची,
त्या दिवशी कोरडी.
तळाशी एक मुंगळा
आणि क्षारांचा पांढरा गोल.

मग दोन दिवस नुसतीच घरघर,
गरम हवा इकडची तिकडे.
तिसऱ्या दिवशी तीही नाही.

स्टेशनजवळचं एक लॉज बंद झालं
तेव्हा नऊ हजाराला आणला होता हा एसी.
खोलीच्या नंबराचा पत्रा अजून चिकटलेला.
म्हणून हे त्याला दोनशेचारच म्हणतात.
‘दोनशेचार लाव गं,’
सकाळी आठला, रात्रपाळी करून आल्यावर,
शर्टावर सूत, भुवयांवर सूत,
आणि कानात शेडमधले सगळे माग चालूच.

आता त्या कोपऱ्यात एवढी शांतता
की ह्यांचा डोळाच लागेना.
‘कोण बोलतंय?’ म्हणाले.
कोणीच नव्हतं.
आभाळ भरून होतं आठ दिवस, पडत काही नव्हतं.
वाळत घातलेला टॉवेल
संध्याकाळी काढावा तर सकाळपेक्षा दमट.

मौलाली नदाफ आला, ओला पंचा डोक्याला.
पत्रा उघडला, वास घेतला, जीभ चुकचुकली.
टॉवेलच्या बॉक्सचा पुठ्ठा फाडून
त्यावर लिहिलं, कानामागची पेन्सिल काढून:
गॅस सव्वीसशे.
कॉइलला भोक, झाळायचे आठशे.
कपॅसिटर साडेचारशे.
फॅनची मोटर नवी दोन हजार,
‘जुनी बसवली तर अकराशे, वहिनी.
चालतंय की. माझ्याकडं पडून हाय एक.’
सर्व्हिसिंगचं लिहिलं, आणि खोडलं.

चार हजार नऊशे पन्नास.
ह्यांना आठवड्याचे पडतात तेहतीसशे.
दीड आठवडा म्हणजे बरोबर तेवढेच.
मी पुन्हा एकदा करून बघितलं.
इतका नेमका जुळला हिशोब
याचाच राग आला मला.

‘थोडं थांबा की,’ मी म्हटलं,
‘पाऊस आला की लागणार नाही.’
मौलाली हसला नाही. पाने गोळा करत म्हणाला,
‘मागच्या साली हेच म्हणाले चार गिऱ्हाईक.’

संध्याकाळी खालची नरसूबाई जिना चढून आली,
हातात तिची लाल बादली, रिकामी.
‘अक्का, पाणी का येईना?’
मला वाटलं नळाचं विचारतेय.
नळ पाचव्या दिवशी, हे तिलाही ठाऊक.
ती विचारत होती एसीचं.

दीड वर्षं ती नेते ते पाणी,
तेंदूची पानं भिजवायला.
नळाचं पिण्यात जातं, स्वयंपाकात जातं,
पानांना उरत नाही.
आणि पान कोरडं राहिलं की कात्रीत तुटतं,
तुटलेल्या पानाची विडी कारखान्यात कोण घेतंय?
मी आपली समजत होते
झाडाला घालत असेल.
आमच्या खोलीतला घाम, श्वास,
ह्यांचं घोरणंसुद्धा म्हणा,
थेंबाथेंबानं खाली उतरून
रोज हजार विड्या होत होत्या.

तिनं कनवटीचे काढून दोनशे ठेवले कट्ट्यावर.
‘रिपेरीत धरा.’
नको म्हणायला हवं होतं.
तोंडापर्यंत आलंही होतं.
पण पुठ्ठा समोरच होता, फ्रिजवर,
आणि मी घेतले.

शनिवारी हप्ता मिळाला, मौलालीला बोलावलं.
जुनी मोटर बसली.
आवाज पहिल्यापेक्षा मोठा, जरा लंगडा,
एक ठोका सोडून एक.
हे पडल्या पडल्या झोपले,
तोंड उघडं, हात अजून तुटलेला धागा शोधत.

खिडकीखाली आता लाल बादली असते.
निळी मी मोरीत ठेवली.
कोणी काही बोललं नाही, तसं ठरलंही नाही.
फक्त फरशी पुसायला मला पाणी लागलं
तर मी आधी खाली हाक मारते.

मौलालीनं महिन्याची गॅरंटी दिलीय.
गॅसची.
मोटरचं विचारलं
तेव्हा तो जिन्यात होता.