आईचं माप

दुकानातली पोरगी टेप घेऊन सरळ माझ्याकडेच आली.
"अभिनंदन," म्हणाली, "हात जरा वर करा."
मी केलेसुद्धा.
मग आई बोलली, हातातली पिशवी खाली न ठेवता:
"लग्न माझं आहे."

एकसष्टावं लागलंय देओलिंदाला.
बत्तीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात तिने डोकी उडवली,
माशांची, आणि एकदा एका मुकादमाचं, नुसत्या तोंडाने.
येत्या शनिवारी तिचं गास्पारशी लग्न.
तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो
आणि आमच्याकडे जेवायला येताना स्वतःचा चमचा आणतो.
का, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

पांढऱ्या झग्यांची रांग.
आई एकेकाचं कापड चिमटीत धरून बघत गेली,
बाजारात माशाचा कल्ला उघडून बघते तशी.
"हा धुवायचा कसा?"
"धुवायचा नसतो हो. एकदाच तर घालायचा."
"एकदाच,"
आई म्हणाली, कुणी भाव सांगावा आणि परवडू नये तशी.

तिच्या आजीने काळ्या मखमलीत लग्न केलं होतं,
वियानाकडच्या बायका करायच्या तसं,
छातीवर होतं नव्हतं तेवढं सोनं, घेराला काळे मणी.
आणि तीच मखमल नेसवून तिला पुरली.
सगळ्या आयुष्यात पेटीतून दोनदा निघालेलं कापड.
आई पहिल्या खेपेला मागून आणलेल्या पांढऱ्यात उभी राहिली,
पाठीमागे सोळा टाचण्या.
फोटो दाखवताना अजून सांगते:
हसत नाहीये मी, श्वास धरलाय.

शेवटी एक कोट निघाला, विटकरी,
कोपऱ्यात, लग्नाशी काही संबंध नसलेला.
"खिसे आहेत?"
पोरीने माझ्याकडे पाहिलं. नवरीला खिसे?
आईने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले,
आत मुठी वळल्या, उघडल्या,
आणि मग कुठे तिने आरशात पाहिलं.
पोरगी घडी घालायला निघाली तर म्हणाली,
"राहू दे अंगातच."

सोनार अबीलियुच्या दुकानात मात्र ती गप्प झाली.
"बरं झालं संध्याकाळी आलात," तो म्हणाला,
"सकाळी बोटं खोटं बोलतात."
मापाच्या कड्यांचा जुडगा खुळखुळला.
सतरा पेरावर अडलं. अठराही.
मिठाच्या पाण्यात फुगलेली पेरं
दर हिवाळ्याला थोडी थोडी जाड होत गेली होती.
"एकोणीस जाईल, पण खाली सैल फिरेल."
"फिरू दे. मीही फिरणारच आहे."

मग पिशवीच्या तळातून तिने काडेपेटी काढली.
आत जुनी अंगठी, एका जागी कापलेली.
वडील लक्झेंबर्गला गेले तेव्हा ती बोटात होती,
पैसे यायचे थांबले तेव्हाही,
तिकडून पत्र आलं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातलं, तेव्हाही.
एका जानेवारीत बोट निळं पडलं,
आणि दवाखान्यातल्या नर्सने कातरीने ती तोडली.
मला वाटलं, मोडणार.
पोटात गोळा आला, कशासाठी ते माझं मलाच कळेना.
वडिलांचा आवाजही मला आठवत नाही.

आईने तराजूकडे बोट केलं.
एक ग्रॅम, नव्वद.
"आटवून नवीतच घालू का?" अबीलियुने विचारलं.
"नको. वजन तेवढं बघायचं होतं."
ती आणखी काही म्हणेल म्हणून आम्ही दोघंही थांबलो.
काडेपेटी मिटली.

स्टॉपवर उभ्याने आम्ही तळलेले गोड गोळे खाल्ले.
तिच्या हनुवटीला साखर, बाहीला किमतीची चिठ्ठी तशीच,
बोटावर अठराच्या कड्याचा लाल वळ.
अंगठी गुरुवारी मिळेल.
बस आली. तिकिटाला सुटे काढायला
तिने हात खिशात घातला.
खिसा नवा, त्यात काय असणार?
तरी हात तिने बाहेर काढला नाही.
पैसे मी दिले.