हातचा एक

मंगळवारी पहाटे पावणेपाचला गजर होतो
तेव्हा बेलापूरच्या आमच्या सोसायटीत
दूधवाला, पाण्याचा पंप आणि मी, एवढेच जागे.
विमल झोपेतच विचारते, "आज किती चेंडू हरवणार?"
मी म्हणतो, तीन.
खरं तर पाच.

एकतीस वर्षं मी वजनमापांचा निरीक्षक होतो.
तुर्भ्याच्या कांदाबटाटा बाजारात
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक बोटांनी चाचपून काढायचो,
पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप भरून
फेस बसेपर्यंत उभा राहायचो.
माणूस मापात मारतो, हे इतकं अंगात भिनलं
की हळदीकुंकवाला आलेली वाटीसुद्धा
मी तळहातावर तोलून बघायचो
आणि विमल ती हिसकावून घ्यायची.

हा खेळ सापडला एकोणसाठाव्या वर्षी,
सीवूड्सच्या एका बोटीवरच्या कप्तानानं
घर बदलताना काढून टाकलेल्या किटसकट.
सात नंबरच्या आयर्नच्या मुठीला
त्याच्या अंगठ्याचा खळगा पडलेला.
माझा अंगठा त्यात बसत नाही.
मी बसवायचं सोडत नाही.

खारघरच्या डोंगराखाली दव पडलेलं असतं.
टिटवी आमच्या नावानं शंख करते, तिची अंडी जवळपास असणार.
टिपणीसांचे दोन्ही गुडघे नवे,
बेंजामिन चेंडूला मल्याळममधून विनवतो,
आणि धामोळ्याचा हिरू पिशव्या वाहता वाहता
आमच्या चेंडूंची उद्याची जागा आजच ओळखतो.

लोक विचारतात, मिळतं काय?
सांगता येत नाही.
शंभरातले नव्वद फटके लाज आणतात,
माती उडते, चेंडू तिथंच.
पण एखादा
असा लागतो की हाताला कळतसुद्धा नाही,
फक्त टच् असा आवाज, सुपारी कातरल्यासारखा,
आणि चेंडू डोंगराच्या अंगावरून वर जातो,
जातच राहतो,
आणि मी, साठी उलटलेला, रक्तदाबाच्या दोन गोळ्यांवरचा,
तोंड उघडं टाकून बघत बसतो.
त्या आवाजावर पंधरा दिवस निघतात.

परवा सोळाव्या होलला चेंडू कुर्डूच्या तुऱ्यांमागे गेला.
एक काटकी आड येत होती, ती उचलली,
तर चेंडू हलला.
किती? हरभऱ्याच्या दाण्याएवढा.
टिपणीस पलीकडे गुडघ्यांशी बोलत होते,
बेंजामिन पाणी पीत होता.
हिरू माझ्याकडे नाही, डोंगराकडे बघत होता,
जरा जास्तच लक्ष देऊन.

या खेळात पंच नसतो.
सील नाही, पंचनामा नाही, दंडाची पावती नाही.
आपलं माप आपण मारायचं किंवा नाही मारायचं.
मी चेंडू होता तिथं परत ठेवला
आणि मनात एक मांडला.

अठराव्यावर कार्डाची बेरीज केली.
नव्व्याण्णव.
सात वर्षांत कधीच शंभराच्या खाली आलो नव्हतो.
पेन्सिल बोथट होती, ती नखानं टोकली. वेळ काढत होतो.
मग तो सोळाव्याचा मिळवला.
नवात एक, दहा, शून्य लिहा, हातचा एक.
नवात हातचा एक, पुन्हा दहा.
चौथीत गुरुजी हातच्यासाठी कान पिळायचे,
आज कुणी पिळायला नव्हतं.

"अरेरे, एकानं गेलं!" टिपणीस खरंच हळहळले.
बेंजामिननं चहा सांगितला.
मी खूश होतो का? नाही.
घरी येईपर्यंत तोंड कडूच होतं,
जेवताना विमलला सांगितलं तर ती म्हणाली,
"मग लिहायचं की नव्व्याण्णव! तुला कोण धरणार होतं?"
आणि भाकरीवर लोणी जरा जास्तच घातलं.

हिरूनं मात्र निघताना सातचं आयर्न ओल्या फडक्यानं पुसलं,
मुठीवरचा खळगा अंगठ्यानं दाबून बघितला.
"काका, डावा हात फार आवळता तुम्ही.
चोर धरल्यासारखा."

गजर मी साडेचारचा लावलाय.