अर्धा किलो मेथ्या

लेकीच्या बाळंतपणाला गोंदियाला जाताना
फुलवंतानं चौकटीतूनच सांगितलं:
डब्यात अर्धा किलो मेथ्या हायेत.
पाव किलो टोपलीच्या, पाव किलो लाडवाच्या.
लाडवाच्याले हात लावू नोका.
घमेल्यात कागद भिजत टाकलाय,
पाणी बदलत जा.
आणि उपाशी राहू नोका.

एकतीस वर्षं मी साकोली डेपोचा कंडक्टर.
सुट्टे पैसे, अर्धी तिकिटं, उभे प्रवासी
सारं डोक्यात बसायचं.
पण चौथ्या दिवशी घमेल्यात पाहिलं
तर साऱ्या बातम्या विरघळलेल्या,
धानाचा भाव आणि कुण्या वधू-पाहिजेतलं ‘गोरी’
तेवढं वर तरंगत होतं.
पाट्यावर भिजल्या मेथ्या वाटायला बसलो
आणि समजेना,
हा स्वयंपाक आहे की दुसरं काही.
वास तर जेवणाचाच येत होता.

मडकं पालथं घातलं, राखेचा हात फिरवला,
वर लगदा थापला.
थापणं मला नवं.
आजवर फक्त बसचा पत्रा थापटला होता,
जाऊ दे, जाऊ दे म्हणत.

टोपली ओट्यावर वाळत ठेवली
आणि तेजराम कापगत्याच्या बकरीनं खाल्ली.
काठ तेवढा ठेवला, चवीला बरा नसावा.
तेजराम म्हणाला, बापा,
मेथी होती ना त्याच्यात,
तिची का चूक?

सोमवारच्या बाजाराला पाच दिवस.
डब्यात लाडवाच्या मेथ्या.
डबा उघडला, लावला. उघडला.
आमच्या नोकरीत तूट आली
की खिशातून भरायची असते.
हे मी पक्कं जाणून होतो
आणि तरी मूठ भरली.

त्या दिवसांत जेवायचंही होतंच.
रोज लाखोळीचं वरण, भात, जवसाची चटणी.
कंटाळलो, तेव्हा भिंतीपलीकडून
सिंधू टेंभुर्णेनं सरगुंडे शिकवले, ओरडून ओरडून:
कणिक घट्ट मळा!
दोरी वळा!
तुरीच्या काडीवर गुंडाळा!
काडी सापडली नाही.
मोडक्या छत्रीची तार घासली, तेल लावलं,
तिच्यावर कणकेचा दोर फिरवत गेलो,
वेटोळ्याला वेटोळं,
मशीनमधून निघणाऱ्या तिकिटासारखं.
अलगद सरकवलं
तर खरंच निघालं, हातभर,
आतून पोकळ, फुंकलं तर वारा पार.
पहिले तीन मोडले. पुढचे मोजले नाहीत.
सावलीत वाळवले, उकळले,
उकडलेल्या कैरीत गूळ कालवून
एकट्यानं ताटभर खाल्ले
आणि ताट धुवायच्या आधी
पुन्हा कणिक मळली.

दुसरी टोपली घरातच वाळवली, खाटेखाली.
एका बाजूला कलली.
पळसाची फुलं उकळून रंग दिला,
तो केशरी यायचा, आला फिका,
हळदीच्या दुधासारखा.
मग काठाला काही तरी हवं वाटलं.
ट्रंकेतून जुना पंच काढला.
तो डेपोत जमा करायचा होता.
केला नव्हता. हे आजच सांगतोय.
खट्, खट्, खट्,
काठभर भोकं पाडली,
पोत्याच्या शिलाईचा लाल दोरा ओवला.
इतक्या वर्षांनी पंचाचा आवाज घरात,
शेजारची पोरं पाहायला आली,
एकीनं हात पुढे केला:
मले साकोलीचं एक अर्धं द्या.

महिन्यानं फुलवंता आली, लाडू वळून न्यायला.
डबा उचलला, कानाशी हलवला.
आवाजावरूनच तिला कळलं किती गेल्या.
बोलली नाही.
डिंक वाढवला, खोबरं वाढवलं.
लेकीचा निरोप आला,
यंदाचे लाडू कमी कडू, अजून पाठवा.

टोपलीत तिनं लसूण भरला.
कलते म्हणून खाली एक खापर लावलं.
भोकांवरून बोट फिरवत विचारलं,
हे कायले?
मी म्हणालो, लसणाले हवा लागते.
तिनं टोपली डोळ्यापाशी नेली
आणि एका भोकातून माझ्याकडे पाहत राहिली,
तपासनीस चढल्यावर पाहतो तशी.